बांधावरचा साग मुंबईला निघतो तेव्हा

कोर्टाच्या, दवाखान्याच्या किंवा पोराच्या नोकरीच्या कामासाठी मुंबईला जाणे झालेच, तर परतीची गाडी धरण्याआधी एक फेरी उपनगरात मारा. बोरिवलीला पूर्वेच्या बाजूला उतरा आणि समोर दिसणाऱ्या डोंगराकडे चालू लागा. मोठा रस्ता ओलांडला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक लागते. आत गेलात की आपल्या ओळखीचीच मंडळी भेटतील. साग आहे, खैर आहे, ऐन आहे, कुडा आणि पळस आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रान बोरिवलीपासून मुलुंड-ठाण्यापर्यंत पसरले आहे आणि त्याला तीन बाजूंनी शहराने वेढले आहे.

मग लोकल धरून जोगेश्वरीला या. तेथे जवळच ओशिवऱ्याचा फर्निचरचा बाजार आहे. पलंग, कपाटे, दाराच्या चौकटी, फळ्यांच्या चळती रचलेल्या दिसतील. एका टोकाला उभा साग, दुसऱ्या टोकाला कापलेला साग. मध्ये अंतर फार तर तासाभराचे. पण बोरिवलीचा साग ओशिवऱ्याला येत नाही. यायची परवानगीच नाही. राष्ट्रीय उद्यानातले लाकूड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे बाजारात विकता येत नाही.

मग एवढ्या मोठ्या शहराला लाकूड येते कोठून? काही परदेशातून बोटीने येते. काही सरकारी आगारांतल्या लिलावातून येते. आणि उरलेले, वाचकहो, तुमच्या-आमच्या बांधावरून येते. म्हणूनच हा विषय शहराचा वाटला तरी खरा आपला आहे. जंगलाचे दार कारखान्याला बंद झाले, तसा व्यापारी शेताच्या दारी येऊ लागला. तो येईल त्या दिवशी आपल्याला कायदा ठाऊक असला पाहिजे. नाही तर झाडही जाते आणि पैसाही.

साष्टीचे रान

आज ज्याला आपण मुंबईची उपनगरे म्हणतो, ती अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी गावे पूर्वी ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होती. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला तो १९२० साली. तोवर येथे भातखाचरे, वाड्या, मिठागरे आणि डोंगरावर रान. त्या रानात वारली आणि मल्हार कोळ्यांचे पाडे होते, आणि त्यांतले काही आजही आहेत.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. पुढे देशभर लोहमार्ग पसरू लागले आणि रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवे झाले. घरांना, गोद्यांना, चुलींना लाकूड हवे होतेच. जंगले भराभर तुटू लागली तेव्हा सरकार जागे झाले. १८६४ साली वनखाते निघाले, १८६५ आणि १८७८ साली वनकायदे झाले. रानाभोवती कागदाचे पहिले कुंपण पडले ते तेव्हा.

या कुंपणाची पहिली ठेच कोणाला लागली? भातशेतकऱ्याला. भाताचे रोप टाकण्यापूर्वी राब करतात, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. झाडाच्या फांद्या छाटायच्या, पाला, गवत, शेण पसरायचे आणि जमीन भाजायची. पिढ्यान्‌पिढ्या हा टाहाळ शेतकरी जवळच्या रानातून आणत होता. वनखात्याने त्यावर निर्बंध घातले आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोठी ओरड झाली. शेवटी सरकारला १८८५ साली एक आयोग नेमून लोकांच्या तक्रारी ऐकाव्या लागल्या. त्याचा अहवाल १८८७ साली आला.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच प्रश्न उभा राहिला होता, आणि तो आजही तोच आहे. झाड रानाचे, गरज शेतकऱ्याची, मागणी शहराची आणि शिक्का सरकारचा. यांपैकी कोणाचे म्हणणे आधी ऐकायचे?

बोरिवलीचे रान टिकले याला एक मोठे कारण पाणी. मुंबईची तहान भागवण्यासाठी १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी तलाव बांधून झाले. तलावावरचा डोंगर उघडा पडला तर गाळ येईल, पाणी आटेल. म्हणून पाणलोटातले रान राखले गेले. ज्या गावाने आपल्या पाझर तलावाच्या माथ्यावरची झाडे राखली, त्या गावाला यातले मर्म चटकन उमजेल.

कारखान्याला जंगलाचे दार बंद

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली देशाचे वनधोरण ठरले. देशाची एकतृतीयांश जमीन वनाखाली असावी असे त्यात म्हटले होते. पण नवे कारखाने, रेल्वे, संरक्षण यांची निकडही होती. जंगलाकडे देशाच्या गरजेची कोठी म्हणून पाहिले जाई. कागदाच्या गिरणीला बांबू, प्लायवूडच्या कारखान्याला ओंडके, काताच्या भट्टीला खैर, सारे जंगलातून. आपल्याकडची बल्लारपूरची कागद गिरणी अशीच चंद्रपूरच्या जंगलातल्या बांबूवर वाढली.

मग १९८० साली वन संवर्धन कायदा झाला. केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची नाही, असा त्याचा मतितार्थ. आणि १९८८ साली नवे वनधोरण आले. त्याने गाडीचे तोंडच फिरवले. वन हे आधी पावसापाण्यासाठी, मातीसाठी आणि वनात राहणाऱ्यांच्या गरजेसाठी, कारखान्याचा नंबर त्यानंतर, असे ते सांगते. कारखान्याने आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून, त्यांच्या जमिनीवर वाढवून घ्यावा, त्यासाठी त्यांना रोपे, कर्ज आणि सल्ला द्यावा, असेही त्यात आहे.

धोरण म्हणजे मनातला हेतू. त्याला दात फुटले ते न्यायालयात. दक्षिणेतल्या एका गृहस्थांनी गुडलूरकडची जंगलतोड थांबवावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. गोदावर्मन खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. १२ डिसेंबर १९९६ ला न्यायालयाने सांगितले की, वन म्हणजे केवळ सरकारी दप्तरातले वन नव्हे. मालकी कोणाचीही असो, शब्दाच्या नेहमीच्या अर्थाने जे वन आहे ते वनच. तेथे मंजूर आराखड्याशिवाय तोड होणार नाही आणि केंद्राच्या मंजुरीवाचून आरागिरणी चालणार नाही.

तीन महिन्यांनी, ४ मार्च १९९७ ला, आणखी एक हुकूम सुटला आणि तो थेट आपल्या राज्याला लागू होता. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरागिरण्या आणि प्लायवूडचे कारखाने ताबडतोब बंद करावेत, असा तो हुकूम होता. ऑक्टोबर २००२ मध्ये न्यायालयाने देशभर नव्या आरागिरण्यांना आपल्या केंद्रीय समितीच्या परवानगीची अट घातली. पुढे हे काम राज्यांच्या समित्यांकडे आले आणि २०१६ साली केंद्राने त्यासाठी नियमावली दिली. नवी आरागिरणी अधिसूचित वनाच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत नको, हा त्यातला एक मुख्य नियम. औद्योगिक वसाहती आणि नगरपालिकांच्या हद्दींना तेवढी सूट आहे.

चोरीच्या लाकडाला आळा घालायचा तर जंगलात शिपाई वाढवून भागत नाही, हे यामागचे साधे गणित आहे. चोर ओंडका घरात ठेवून काय करणार? तो कापणारी करवत जवळ नसेल, तर तोडण्यात राम नाही. म्हणून झाडाआधी करवतीवर नजर ठेवायची.

दुसरीकडे परदेशी मालही पूर्वीइतका सहज मिळेना. ज्या ब्रह्मदेशी सागाची आपल्याकडे एवढी ख्याती, त्या देशाने एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडके बाहेर पाठवणे बंद केले. राहिली आपल्या वनविकास महामंडळाची लागवड, बल्लारशा-आलापल्लीकडचा नामांकित साग आणि राहिले शेतकऱ्याचे झाड. आता बांधावरच्या सागाला भाव का आला, हे वेगळे सांगायला नको.

मुलुंडचा कागद आणि आरेची करवत

कायदा चांगला असून भागत नाही. तो ज्याचा त्याला, ज्या वेळचा त्या वेळी पोहोचावा लागतो. मुंबईच्या उपनगरांनी याचे दोन धडे दिले आहेत. दोन्ही नीट ऐका.

पहिला धडा मुलुंड-विक्रोळीकडचा. स्वातंत्र्यानंतर इनामे आणि वतने जाणार हे दिसू लागले, तसे खाजगी रानांचे काय होणार ही चिंता सरकारला लागली. मालकाने जमीन जाण्याआधी झाडे विकून टाकली तर? म्हणून वनकायद्यात मुंबई राज्याने दुरुस्ती केली. ‘तुमच्या जमिनीवरचे रान तोडायला बंदी का करू नये, ते सांगा’ अशी नोटीस मालकाला द्यायची, त्याचे म्हणणे ऐकायचे आणि मग अंतिम आदेश काढायचा, अशी ती रीत होती. १९५६-५७ च्या सुमारास अशा अनेक नोटिसा निघाल्या. पण कित्येक ठिकाणी नोटीस मालकाच्या हाती पोहोचल्याचा पुरावा नाही, म्हणणे ऐकले नाही आणि अंतिम आदेशही निघाला नाही.

३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा लागू झाला आणि खाजगी वने शासनाच्या मालकीची झाली. नोटीस निघालेली जमीनही खाजगी वनाच्या व्याख्येत घेतली होती. तरीही कोणी या जमिनींकडे पाहिले नाही. उलट सरकारी परवानग्या मिळत गेल्या, इमारती उभ्या राहिल्या. मुलुंडसारख्या भागात लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली. पुढे एका पर्यावरण संस्थेने २००२ साली उच्च न्यायालयात अर्ज केला. वनजमिनींच्या नोंदी अद्ययावत करा, असे न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. मग २००६ च्या सुमारास अधिकाऱ्यांनी त्या जुन्या नोटिसांच्या आधारे नोंदी बदलल्या. एका सकाळी माणसे उठली तो आपले घर ‘खाजगी वनात’!

मार्च २००८ मध्ये उच्च न्यायालयाने शासनाची बाजू उचलून धरली. प्रकरण दिल्लीला गेले. गोदरेज आणि बॉईस विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. नुसती नोटीस काढली म्हणजे झाले नाही, ती मालकावर बजावली गेली पाहिजे आणि तिच्यावर पुढची कारवाई चालू असली पाहिजे. अर्ध्या शतकापूर्वीचा मेलेला कागद उकरून कोणाची जमीन वन ठरवता येणार नाही, असा त्याचा आशय. नोव्हेंबर २०२५ मध्येही राज्यातल्या अशाच अनेक प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा घेतली.

यातून कोणी असे समजू नये की न्यायालयाने रानावर पाणी सोडले. सरकारने आपले काम त्याच वेळी रीतसर केले असते, तर जेथे खरोखर रान होते तेथे ते राहिले असते आणि जेथे नव्हते तेथे माणसे सुखाने झोपली असती. दिरंगाईने रानही गेले आणि माणसांची झोपही.

दुसरा धडा गोरेगावजवळच्या आरेचा. १९४९ साली मुंबईच्या दुधासाठी वसवलेली ही वसाहत बोरिवलीच्या रानाला लागून आहे. तेथे मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायची होती. आरे हे वन आहे की नाही यावरच वाद होता. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने विरोधातले अर्ज फेटाळले आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. सोमवारी, ७ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडे आडवी झाली होती.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. मुलुंडला कागदाला पन्नास वर्षे लागली. आरेला करवतीला दोन-तीन दिवस पुरले. कागद गोगलगाईच्या चालीने जातो आणि करवत विजेच्या. झाडाच्या बाबतीत झालेली चूक अपिलात सुधारत नाही.

आता आपल्या बांधाकडे या

समजा, तुमच्या वडिलांनी थोरलीच्या जन्मी बांधावर वीस साग लावले होते. आता तिचे लग्न ठरले आहे, किंवा घरात आजारपण आले आहे. एक दिवस मोटारसायकलवरून एक गृहस्थ येतो. झाडांवरून नजर फिरवतो, एक आकडा सांगतो, विसार म्हणून नोटा पुढे करतो आणि म्हणतो, ‘परवानगीचे सगळे आमच्याकडे लागले. तुम्ही फक्त या कोऱ्या अर्जावर सही करा.’

येथेच थांबा. चहा पाजा, पण सही करू नका.

पहिली गोष्ट. झाड तुमच्या जमिनीत असले तरी काही जातींची झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ या कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि खारफुटी ही झाडे येतात. विनापरवाना तोड झाली आणि गाडी नाक्यावर अडली, तर व्यापारी हात वर करतो. जमीन ज्याच्या नावावर, त्याच्याकडेच चौकशी येते. दंड होतो आणि माल अडकून पडतो. शहरांच्या हद्दीत १९७५ चा वेगळा वृक्ष संरक्षण कायदा आहे. तेथे पालिकेची परवानगी लागते.

दुसरी गोष्ट. अर्ज स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताने द्या. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा तहसीलमध्ये आधी जाऊन कोणाकडे, कोणते कागद जोडून अर्ज करायचा ते विचारा. सातबारा, गावनकाशा, झाडांची संख्या आणि हद्द यांची खात्री होते. झाड हद्दीवर असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला. सातबाऱ्यावर चार नावे असतील तर चौघांची संमती घ्या. त्यात सासरी गेलेल्या बहिणीचे किंवा विधवा वहिनीचे नाव असेल, तर ‘तिला काय विचारायचे’ असे म्हणू नका. तिचाही त्या सागात वाटा आहे. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि जपून ठेवा. मुलुंडची हकिकत आठवा. पोच नसलेल्या कागदावर पन्नास वर्षांनी भांडावे लागते.

तिसरी गोष्ट. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात नजर घाला. कोकणात आणि घाटमाथ्यावर कित्येक जमिनींवर ‘खाजगी वन’ असा शेरा आहे आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. असा शेरा असेल तर तो कोणत्या फेरफाराने आला, त्याची नक्कल काढा. १९७५ च्या कायद्यात त्या दिवशी रीतसर कसली जाणारी, कमाल धारणेच्या आतली जमीन वगळलेली आहे. लहान खातेदाराला १२ हेक्टरच्या मर्यादेपर्यंत जमीन परत देण्याची तरतूदही पुढे कलम २२-अ घालून केली गेली. जाणत्या वकिलाला कागद दाखवा. पण आधी कागद हाती असू द्या.

चौथी गोष्ट आदिवासी बांधवांसाठी. तुमच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. व्यापाऱ्याने तुम्हाला फसवू नये म्हणून तो व्यवहार जिल्हाधिकारी आणि वनखात्यामार्फत व्हायचा असतो. कोणी ‘आपसात मिटवू’ म्हणाला, तर तो तुमच्या सोयीसाठी तसे म्हणत नाही, हे पक्के समजा.

पाचवी गोष्ट. तोड झाली की माल हलवायला वाहतूक पास लागतो. तोही तुमच्या कागदांवरच निघतो. तो निघण्यापूर्वी गाडी भरू देऊ नका. सुबाभूळ, निलगिरी, सुरू अशा काही लागवडीच्या झाडांना सूट आहे, पण यादी बदलते म्हणून विचारून घ्या. बांबूचे तर आणखी सोपे झाले आहे. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू कायद्याने ‘झाड’ राहिला नाही. त्यामुळे शेतातला बांबू तोडणे आणि विकणे पुष्कळ मोकळे झाले आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने शेतातल्या झाडांच्या तोडीसाठी राज्यांना नमुना नियमही पाठवले आहेत. लागवडीची नोंद आधी करावी आणि तोडीची परवानगी सुटसुटीत मिळावी, असा त्यांचा रोख आहे. आपल्या राज्यात त्यातले किती लागू झाले, ते अर्ज देतेवेळी विचारा. नवे झाड लावाल त्याच वर्षी सातबाऱ्याच्या पीकपाहणीत त्याची नोंद करा. ती नोंद उद्या तुमच्या बाजूने बोलेल.

मोज आपली आपण घ्या

परवानगीची वाट कळली, तरी एक खड्डा उरतो. तो म्हणजे उक्ता सौदा. उभ्या झाडांचा डोळ्यांनी अंदाज करून ठोक रक्कम ठरवण्यात व्यापाऱ्याचा डोळा नेहमी तुमच्यापेक्षा तयार असतो. धान्य कधी आपण डोळ्यांनी मोजून विकतो का? मग लाकूड का विकावे?

बाजारात ओंडका घनफुटावर जातो आणि मोज चौथाई घेराने घेतात. दोरी घ्या. ओंडक्याच्या मध्यावर घेर मोजा. समजा, घेर ४० इंच आला आणि लांबी १० फूट, म्हणजे १२० इंच. घेराचा चौथा भाग १० इंच. आता १० गुणिले १०, गुणिले १२०, म्हणजे १२,००० घनइंच. एका घनफुटात १,७२८ घनइंच असतात. भागाकार केला की जवळजवळ ७ घनफूट येतात.

आता गंमत पाहा. तोच ओंडका खऱ्या गोल आकाराने मोजला तर पावणेनऊ घनफुटांच्या वर भरतो. म्हणजे व्यवहाराच्या मोजमापातच पाचवा हिस्सा आधी वगळलेला असतो. कापताना कडेचे लाकूड आणि भुसा वाया जातो म्हणून ही रीत पडली. ती रूढ आहे, तिच्याशी भांडू नका. पण एकदा ही घट धरली असताना ‘साल आहे’, ‘वाक आहे’, ‘भुसा जाईल’ असे म्हणून तीच घट दुसऱ्यांदा कापू देऊ नका. घरात दहावी झालेली मुलगी असेल तर तिच्या हाती वही द्या. वीस झाडांचा हिशेब ती एका दुपारी करील. जवळच्या सरकारी आगारात लिलावाला सागाचा काय भाव फुटला, तेही विचारा आणि मगच सौद्याला बसा.

राखणदार कोण?

कोणी म्हणेल, एवढे नियम कशाला? माझे झाड, माझी कुऱ्हाड. या रागात तथ्य आहे. परवानगीसाठी हेलपाटे घालताना शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. मग पुढच्या वेळी तो झाडच लावत नाही. राखण करणारा कायदा लावणाऱ्याचाच हात आखडवू लागला, तर त्या राखणीचा उपयोग काय? म्हणून नियम सोपे व्हावेत, अर्जाचा निकाल ठराविक दिवसांत लागावा, हे आपण ग्रामसभेत ठणकावून मागितले पाहिजे. १८८५ साली राबासाठी ओरड झाली तेव्हा गोऱ्या सरकारला आयोग नेमावा लागला होता. आपल्या सरकारला ऐकू जाणार नाही, असे का मानावे?

पण दुसरी बाजूही मनात असू द्या. निर्बंध नसते तर मुलुंड आणि बोरिवलीच्या मधला तो डोंगर कधीच बोडका झाला असता. त्या रानाला शहर खेटून आहे, एकेका गुंठ्याचा भाव आभाळाला भिडला आहे, आणि तरीही तेथे आज बिबट्या फिरतो, तुळशी-विहारात पाणी साठते. हे आपोआप घडलेले नाही.

त्या रानाचा साग कापायचा नाही, हे देशाने ठरवले. मग शहराच्या दाराची चौकट कोणी तरी पुरवायलाच हवी. ती तुमच्या बांधावरून जाणार असेल तर अभिमानाने जाऊ द्या. तुमच्या एका सागामुळे जंगलातला एक साग वाचतो, हे लक्षात ठेवा. मात्र तो जाताना बरोबर वाहतूक पास असू द्या, घरात त्याचे पुरते मोल असू द्या, आणि जेथून तो गेला तेथे येत्या पावसाळ्यात नवे रोप असू द्या.

वडिलांनी लावले म्हणून थोरलीचे लग्न निभावले. तुम्ही लावाल, तेव्हा नातीचे शिक्षण निभावेल. या वर्षी मृगाच्या आधी खड्डे खणून ठेवा.